बारावीनंतर जर्मनीत भूशास्त्र: दारव्ह्याच्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं गाव, बारावी सायन्सला 78 टक्के, गणित सोडून जीवशास्त्र घेतलेलं, घरी सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. जर्मनीत पर्यावरणशास्त्र शिकायचं आहे. यंदाच निघू का, पर्यावरण घेऊ की भूशास्त्र, आणि एकूण पैसा किती लागेल?

यंदा निघू नको. भूशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सी तिकडे महाराष्ट्रातच कर आणि एमएस्सीला इकडे जर्मनीत ये. जे पर्यावरण तुला शिकायचं आहे, ते या वाटेनं जास्त पक्कं शिकता येईल.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स पास असलं तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांचं दार उघडतं. नाहीतर आधी श्टुडियनकोलेग नावाचा वर्षभराचा तयारी वर्ग, त्याच्या दाराशी जर्मन आणि गणिताची प्रवेश परीक्षा आणि शेवटी पात्रता परीक्षा. तू गणित सोडलं आहेस, तेव्हा पहिल्याच पायरीवर अडशील. शिवाय जर्मनीतली पदवी बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेतूनच असते. म्हणजे एक वर्ष वाढलं, त्या वर्षाचा खर्च वाढला आणि बी1-बी2 या मधल्या पातळ्यांपर्यंतचं जर्मन निघण्याआधीच हवं. एमएस्सी मात्र इंग्रजीतून करता येते. त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण 6.5 गुण आणि योग्य बीएस्सी लागते.

आता ‘योग्य’ म्हणजे काय, ते नीट बघ, कारण अर्ज इथेच नाकारले जातात. जर्मन प्रवेश समिती पदवीचं नाव बघून थांबत नाही. तुझं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे पेपरवार गुण-क्रेडिटचा तक्ता, उघडून एकेक पेपर मोजते. अभ्यासक्रमाच्या नियमावलीत अट असते की गणित-भौतिकशास्त्राचे इतके क्रेडिट हवेत, रसायनशास्त्राचे इतके, भूशास्त्राचे इतके. तीन वर्षांची पदवी इकडच्या 180 क्रेडिटच्या बरोबरीची धरली जाते. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार सेमिस्टरला 22 प्रमाणे तीन वर्षांचे 132 क्रेडिट होतात. म्हणजे तुझा एक क्रेडिट इकडचा सुमारे 1.36, आणि चार क्रेडिटचा पेपर साडेपाचच्या आसपास. रसायनाचे 20 क्रेडिट मागितले असतील, तर चार क्रेडिटचे चार पेपर लागतात. तीनवर भागत नाही. हा हिशेब पहिल्या सेमिस्टरमध्ये केला तर विषय बदलता येतात, शेवटच्या वर्षी काहीच हाती राहत नाही.

म्हणूनच नुसतं पर्यावरणशास्त्र घेऊ नको म्हणते आहे. त्या पदवीत बऱ्याचदा प्रदूषण, जैवविविधता, कायदे अशी थोडी थोडी ओळख सगळ्यांची होते. पण खनिजशास्त्र, खडकशास्त्र, जलभूविज्ञान, नकाशावाचन या पेपरांची जागा रिकामी राहते. भूशास्त्राकडून पर्यावरणाकडे वळता येतं, उलट वळायला दुप्पट कष्ट पडतात. मुख्य विषय भूशास्त्र, जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून रसायनशास्त्र, आणि खुल्या ऐच्छिक विषयांत संख्याशास्त्र किंवा गणिताचा जो पेपर बारावीच्या गणिताविना मिळेल तो घे. गणित कमी असल्यामुळे जिओफिजिक्सचा, म्हणजे भूभौतिकशास्त्राचा, नाद सोड. भूजल रसायन, दूषित जमिनी, खाणींचं पाणी या दिशा तुझ्यासाठी मोकळ्या आहेत. अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत भूशास्त्र विभाग आहे. कुठलंही कॉलेज धरण्याआधी दोन गोष्टी तपास: तिथे खडकांचे पातळ छेद बघायचे सूक्ष्मदर्शक खरोखर चालू आहेत का, आणि वर्षाला क्षेत्रभेट होते का. आणि जर्मनीच्या ‘अनाबिन’ या यादीत तुझ्या विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यता असलेलं, असं लिहिलेलं आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. तेही प्रवेशाआधीच पाहा.

गुणांचं रूपांतरही आत्ताच समजून घे. इकडे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि पासिंग यांतल्या फरकानं भाग, तीननं गुण आणि एक मिळव. दहापैकी चारला पास धरलं, तर सीजीपीए 8.2 म्हणजे 1.9, आणि 7.0 म्हणजे बरोबर 2.5. बऱ्याच एमएस्सींची मर्यादा 2.5 च्याच आसपास असते. तेव्हा सात ही तुझी खालची रेघ, आठ हे उद्दिष्ट.

यापुढचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. बीएस्सीच्या तीन वर्षांत स्वतःच्या गावशिवारातल्या विहिरींची नोंद ठेव. तीसेक विहिरी निवड: काही नाल्याकाठच्या, काही माथ्यावरच्या. मृगाच्या आधी मेमध्ये एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा पाण्याची पातळी मोज. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुझे महिने त्यांच्याशी जुळले की तुलना करता येते.

मोजताना चुका ठरलेल्या होतात. टेप कठड्याच्या वरून सोडला जातो आणि कठड्याची उंची वजा करायची राहते. मग तीन फूट उंच कठड्याची विहीर शेजारच्या विहिरीपेक्षा तीन फूट जास्त खोल दिसते. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलं तर ती विहिरीची खरी पातळी नसते. वावरात लाइट रात्रपाळीची असेल तर सकाळी पंप नुकता थांबलेला असतो. म्हणून मालकाला मोटार कधी बंद केली ते विचारून वहीत लिही आणि पाणी पुन्हा भरून येऊ दे. आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींत चार मीटरचा फरक दिसला तर लगेच चूक समजू नको. आपला बेसाल्ट थराथरांचा आहे. झिजलेला, पोकळ्यांचा थर पाणी धरतो, खालचा अखंड काळा पाषाण धरत नाही, आणि एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरी वेगवेगळ्या थरांतलं पाणी पीत असू शकतात. असा फरक का पडला, हे दोन पानांत मांडता आलं की तुझ्या अर्जाचं प्रेरणापत्र, म्हणजे हाच विषय का हे सांगणारं पत्र, आपोआप तयार होतं.

पाण्याचे नमुने घेशील तर प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळ आणि हवा न ठेवता काठोकाठ भर. पीएच आणि विद्युतवाहकता जागेवरच मोज. बायकार्बोनेट त्याच दिवशी तपास, कारण बाटलीतला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की आकडा बदलतो. धातू तपासायचे असतील तर वेगळी बाटली घेऊन नायट्रिक आम्लानं पीएच दोनच्या खाली आण. हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर कर. निकाल आल्यावर पाण्यातल्या क्षारांच्या धनभार आणि ऋणभारांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंट या भार मोजायच्या एककात जुळवून बघ. फरक पाच टक्क्यांच्या आत नसेल तर तो नमुना वापरू नको.

यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसेल तर 1.5 आहे. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड वाढतं, कारण कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराइडला धरून ठेवतं. हे स्वतःच्या तीस नमुन्यांवर दाखवता आलं तर तुझ्या अर्जाला वजन येतं. वणी भागातल्या कोळशाच्या खाणीही तुझ्याच जिल्ह्यात आहेत. इकडे पूर्व जर्मनीत लाउसिट्स भागात लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, बंद खाणींचे तलाव झाले आहेत. खडकातलं पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज हवा आणि पाण्यानं गंजून आम्ल तयार होतं, त्यामुळे त्यांतले बरेच तलाव आम्लधर्मी होते आणि वर्षानुवर्षं चुना टाकून सुधारावे लागले. कोळसा जळून संपल्यावर खाणीचं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. जर्मनीनं कोळसा बंद करायची मुदत 2038 ठेवली आहे. या विषयात शिकलेल्या माणसाची गरज चंद्रपूर-वणीला उद्या पडणारच आहे.

विद्यापीठं निवडताना फ्रायबेर्ग लक्षात ठेव. तिथली खाण-विद्येची संस्था 1765 सालची आहे. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात जलविज्ञान आणि अभियांत्रिकीची एमएस्सी इंग्रजीतून आहे, ब्रेमेनला सागरी भूविज्ञान आहे. ट्युबिंगन भूपर्यावरणासाठी चांगलं, पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 पासून फी लावली आहे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य म्हणून प्रत्येक ठिकाणी तपासून घे. नागपूर-पुण्याचे एजंट ज्या खासगी संस्था सुचवतात, तिथे त्यांना कमिशन असतं. खडक फोडायची प्रयोगशाळा तिथे आहे का, एवढं विचार.

आता पैसा. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे, महिन्याला 992 युरो परत तुझ्याच हातात येतात. युरोला शंभर रुपये धरले तर बारा लाख. याशिवाय एपीएस या कागदपत्र-तपासणीचे 18,000 रुपये, व्हिसाचे 75 युरो, युनि-असिस्ट या सामाईक अर्ज-केंद्रामार्फत अर्ज असेल तर पहिल्याचे 75 आणि पुढच्या प्रत्येकाचे 30 युरो, आयईएलटीएस, विमानाचं तिकीट. दुसऱ्या वर्षी परवाना वाढवतानाही पैसे दाखवावे लागतात. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. पण छोट्या गावात जर्मन न बोलणाऱ्याला काम मिळत नाही, म्हणून त्या कमाईवर पहिलं वर्ष मांडू नको.

कर्जाचं गाडं आपल्याकडे जमिनीपाशी अडतं. साडेसात लाखांवर बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार होत नाही, कारण थकीत कर्जाची वसुली ज्या सरफेसी कायद्यानं होते तो शेतजमिनीला लागू नाही. सातबारा कितीही स्वच्छ असला तरी उत्तर हेच येतं. गावठाणातलं घर असेल आणि हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ असेल, तर तोही पुरत नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून ठेवा, बँकेला दाखवायला काहीतरी हाती येतं. दारव्हा किंवा यवतमाळला मामा-काकांचा अकृषक प्लॉट असेल तर तो भोगवटादार वर्ग 1 आहे का बघा. वर्ग 2 किंवा नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीवरचा, असला तर परवानगीत महिने जातात. शाखाधिकाऱ्याला आणखी एक गोष्ट आधीच समजावून सांगावी लागते: फी नाही, खर्च राहण्याचा आहे आणि रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एकदम जायची आहे. मंजुरीपत्रात तसं लिहून घे, नाहीतर पैसे सेमिस्टरवार सोडतो म्हणतात आणि व्हिसा अडकतो.

अनुसूचित जातीत असशील तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, तेव्हा विद्यापीठांची यादी करतानाच ती अट समोर ठेव.

वेळापत्रकात एक वर्ष मोकळं धर. आपल्या विद्यापीठांचे सहाव्या सेमिस्टरचे निकाल उशिरा लागतात आणि जर्मनीच्या अर्जांच्या मुदती बऱ्याचदा त्याआधीच, मार्च ते 15 जुलैच्या दरम्यान संपतात. निकालानंतर ट्रान्स्क्रिप्ट आणि पेपरवार अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत काढ, शरद ऋतूत एपीएस, हिवाळ्यात अर्ज, उन्हाळ्यात व्हिसा, ऑक्टोबरला वर्ग. या वर्षात जर्मन बी1 पूर्ण कर. एमएस्सी इंग्रजीत असली तरी भूजलाचे आणि दूषित जमिनींचे अहवाल सरकारी कार्यालयांना जर्मनमध्येच द्यावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. भाषा नसेल तर ते नुसते सरून जातात.

आणि नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर तिसराच. पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नको आणि वडिलांचं नाव गुणपत्रिकेत जसं लिहिलंय तसंच, त्याच स्पेलिंगनं दे. एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घे, कारण एपीएसपासून व्हिसापर्यंत प्रत्येक खिडकीवर हेच दोन कागद शेजारी ठेवून वाचले जातात.