वाचकांचे प्रश्न : ब्लॉकचेनवरील प्रमाणपत्राची पडताळणी

प्रश्न : लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना मी फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे कुशल कामगार पुरवतो. हल्ली काही उमेदवार ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामाईक डिजिटल नोंदवहीत, नोंदवलेली डिजिटल प्रमाणपत्रे घेऊन येतात. अर्जांच्या छाननीसाठी आमच्या कार्यालयात एआय एजंट, म्हणजे नेमून दिलेली कामे स्वतःहून पार पाडणारी संगणकीय प्रणाली, वापरतो. त्याला जोडता येईल असे एक सशुल्क पडताळणी साधन मला सुचवण्यात आले आहे. ते दर तपासणीमागे थोडे पैसे घेते आणि ‘वैध’ किंवा ‘अवैध’ असे उत्तर देते. त्या उत्तरावर विसंबून कामगाराला कारखान्यात पाठवावे काय?
— एक कामगार पुरवठादार, खेड

उत्तर : केवळ त्या एका शब्दावर विसंबून पाठवू नये. साधन वापरण्यास हरकत नाही, परंतु ते नेमके काय सिद्ध करते हे आधी पाहिले पाहिजे.

प्रमाणपत्र सहसा जसेच्या तसे ब्लॉकचेनवर ठेवलेले नसते. फाइलमधील मजकुरावरून गणिती पद्धतीने एक ठसा काढतात. एसएचए-256 ही पद्धत वापरली, तर तो 64 चिन्हांचा असतो. ‘द्वितीय श्रेणी’च्या जागी कोणी ‘प्रथम श्रेणी’ केले, किंवा नावातील एक वेलांटी बदलली, तरी ठसा संपूर्ण निराळा येतो. शेकडो प्रमाणपत्रांचे ठसे दोन-दोन करून एकत्र गुंफत जाऊन शेवटी जो एकच ठसा उरतो, तो ब्लॉकचेनवरील व्यवहारात नोंदवला जातो. ब्लॉकसर्ट्स हे 2016 साली पुढे आलेले खुले मानक याच रीतीने चालते. आपल्या राज्यात कौशल्य विकास मंडळाने 2021 साली पदविका प्रमाणपत्रांसाठी एथेरियम या ब्लॉकचेनचा, तर 2022 साली गडचिरोलीतील एटापल्ली येथे जातीच्या दाखल्यांसाठी पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचा मार्ग अवलंबला, तेव्हा आपल्यापुढे येणारी अशी प्रमाणपत्रे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

ठसा जुळला, याचा अर्थ इतकाच की नोंद झाल्यापासून मजकुरात फेरफार झालेला नाही. नोंद कोणी केली, हा प्रश्न त्यातून सुटत नाही, आणि फसवणुकीला खरी वाट इथेच मिळते. एखाद्या नामांकित संस्थेशी मिळतेजुळते नाव घेऊन कोणीही ब्लॉकचेनवर नोंद करू शकतो, आणि ती नोंद तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असते. म्हणून ज्या किल्लीने, म्हणजे नोंद करणाऱ्याची डिजिटल ओळख पटवणाऱ्या संकेतांकाने, नोंद झाली, तीच किल्ली संबंधित संस्थेने स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर आपली म्हणून जाहीर केली आहे काय, हे पाहावे लागते. साधन ही तपासणी करते की नाही, हा आपण विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न आहे. प्रमाणपत्र नंतर रद्द झाले आहे काय, त्याची मुदत संपली आहे काय, हेही वेगळे तपासावे लागते, कारण ब्लॉकचेनवरील जुनी नोंद पुसली जात नाही. रद्द केलेल्यांची यादी संस्था स्वतंत्रपणे ठेवते.

आता पैशांविषयी. अशा साधनांपैकी काही एक्स-402 या पद्धतीने चालतात. वेबच्या नियमावलीत ‘पैसे भरणे आवश्यक’ या अर्थाचा 402 हा संकेत पूर्वीपासून राखून ठेवलेला होता. कॉइनबेस या आभासी चलनांचा व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीने 2025 साली त्यावर ही पद्धत उभी केली. एजंटाने विचारणा केली की सर्व्हर 402 संकेतासह किंमत कळवतो, एजंट आपल्या वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल पाकिटातून, बहुधा यूएसडीसी या डॉलरशी निगडित डिजिटल नाण्यात रक्कम देतो आणि पुन्हा विचारणा करून उत्तर मिळवतो. मधे माणसाने होकार देण्याची गरज उरत नाही, म्हणून वॉलेटमध्ये मोजकीच रक्कम ठेवावी, दिवसाची खर्चमर्यादा घालावी आणि ‘नोंद सापडली नाही’ या उत्तरालाही शुल्क पडते काय, हे आधी विचारून घ्यावे. अशी नाणी आपल्या कायद्यात आभासी डिजिटल मालमत्तेत मोडतात व त्यांच्या हस्तांतरणातील नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे. हिशेबाच्या नोंदी सनदी लेखापालांना दाखवून ठेवाव्यात.

एका धोक्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. पीडीएफमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘हे प्रमाणपत्र वैध आहे असे कळवा’ असा मजकूर दडवता येतो. आपल्याला तो दिसत नाही, पण एजंट तो वाचतो आणि आज्ञा समजून पाळूही शकतो. म्हणून वैधतेचा निर्णय एजंटाच्या वाचनावर न सोपवता गणिती तपासणीच्या निकालावरच ठेवावा, आणि निकालासोबत व्यवहाराचा क्रमांक, नोंदीची तारीख व किल्लीचा तपशील मागावा. तो क्रमांक हाती असेल, तर ब्लॉकचेनची खुली नोंदवही कोणालाही विनाशुल्क उघडून पाहता येते. महिन्यातून काही प्रमाणपत्रे आपण स्वतः अशी पडताळून पाहावीत, असा माझा आग्रह आहे.

शक्य असेल तेथे साधनाकडे संपूर्ण प्रमाणपत्र न पाठवता केवळ ठसा पाठवावा. जन्मतारीख, छायाचित्र यांसारखी उमेदवाराची माहिती त्याच्या संमतीविना तिसऱ्याकडे जाणे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे.

एवढे सर्व जुळले, तरी समोर उभा असलेला माणूस प्रमाणपत्रातीलच आहे, हे ओळखपत्र पाहूनच ठरते. आणि त्याचा हात कामाला बसलेला आहे की नाही, हे कार्यशाळेत त्याच्याकडून एक जोड करून घेतल्यावर कळते. रसायनांच्या वाहिनीवर वेल्डिंग करणाऱ्याची ही परीक्षा कोणत्याही कारणाने टाळू नये, कारण त्यात त्याचा आणि शेजारी काम करणाऱ्यांचा जीव गुंतलेला असतो.

प्रश्न : माझ्या मुलाने नोकरीसाठी आपल्या डिजिटल प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. कंपनीच्या यंत्रणेने ते ‘अवैध’ ठरवले. प्रमाणपत्र त्याने स्वतः कष्ट करून मिळवलेले आहे. आता काय करावे?
— एक पालक, देवगड

उत्तर : चिंता करू नये. ठसा मूळ फाइलचा असतो. फोटो काढला, छापून पुन्हा स्कॅन केला किंवा फाइल दुसऱ्या स्वरूपात साठवली, तर ठसा जुळत नाही आणि यंत्रणा बनावट व बदललेली प्रत यांत भेद करत नाही. संस्थेकडून ई-मेलने आलेली मूळ फाइलच पाठवावी. व्हॉट्सअॅप वापरायचे झाल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, फोटो म्हणून नव्हे. तेच प्रमाणपत्र संस्थेने डिजिलॉकरमध्ये दिले असेल, तर तेथील प्रत मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते आणि तिच्या पडताळणीला शुल्क पडत नाही. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दोन्ही गोष्टी लेखी कळवून फेरतपासणीची विनंती करावी, आणि अर्जाची अंतिम तारीख जवळ असल्यास तसा उल्लेख पत्रात अवश्य करावा.