फक्कीच्या रेघेबाहेर

मुलीच्या खो-खोच्या सरावाविषयी मागच्या अंकात मी ओझरते लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा असून शाळेच्या खो-खो संघात आहे. सामना सुरू असताना मला राहवत नाही, मी बाहेरून सूचना देते. घरी आल्यावर तो तासभर माझ्याशी बोलत नाही. त्याच्या भल्यासाठीच सांगते, तर माझे काय चुकते? (एक आई, फलटण)

ताई, आपली तळमळ मला कळते, कारण मीही तेच करीत असे. म्हणून आधी खेळाकडूनच सुरुवात करते. पाटीवर आठ जण बसलेले असतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, आणि नववा प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करीत धावत असतो. बसलेल्याला खो मिळतो तो पाठीमागून. पाठीवर हाताचा स्पर्श आणि कानावर एक अक्षर, एवढ्या खुणेवर त्याला उठून त्याच क्षणी धाव घ्यायची असते. खो मिळण्याआधी उठला तर फाऊल, उशिरा उठला तर समोरच्या संघाचा गडी निसटलेला. म्हणजे ज्या मुलाला आपण ओरडून मदत करू पाहतो, तो त्या वेळी गोंगाटातून एकच अक्षर वेचण्याचा प्रयत्न करीत असतो, आणि आपला आवाज त्या गोंगाटात भरच घालीत असतो.

संरक्षणाच्या, म्हणजे पाठलाग चुकवीत पळण्याच्या, वेळी तर हा आवाज अधिकच घातक ठरतो. तीन-तीनच्या तुकडीने आत उतरलेल्या मुलांची नजर पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावर खिळलेली असावी लागते. एकदा दिशा घेतली की त्याला खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही, आणि तो कुठे खो देणार याची पहिली चाहूल खांद्यावरूनच लागते. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या एका सामन्यात माझी लेक दोन मिनिटे उत्तम पळत होती आणि मी रेघेबाहेरून "डावीकडे, डावीकडे" असे ओरडले. मी तिच्या समोर उभी होते, त्यामुळे माझे डावे ते तिचे उजवे होते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तेवढ्यात तिच्या खांद्यावर थाप पडली. परतीच्या एसटीत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने आपले मळके कपडे स्वतःच बादलीत भिजवले. एरवी ती ते मोरीत टाकून निघून जात असे. लाल मातीने गढूळलेले ते पाणी पाहत मी बराच वेळ तिथे उभी होते. तिने मला दोष दिला असता तर बरे वाटले असते.

आपला मुलगा तासभर बोलत नाही, तो तास त्याला द्यावा. जेवायला वाढावे, गुडघा फुटला असेल तर धुऊन औषध लावावे, आणि सामन्याचा विषय त्याने काढेपर्यंत आपण काढू नये. चुका सांगायला प्रशिक्षक आहेत. मैदानाबाहेर आणि आत दोन वेगवेगळ्या सूचना मिळाल्या की मूल दोन्ही ऐकेनासे होते, हे मी सरावाच्या मैदानावर अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

प्रश्न : पूर्वी आपण आपल्या मुलीविषयी फार जिव्हाळ्याने आणि तपशिलाने लिहीत होता. अलीकडे ती आपल्या लेखनातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. याचे काही कारण? (एक जुने वाचक, बेळगाव)

कारण आहे, आणि आपण विचारलेत म्हणून ते मोकळेपणाने सांगते. एका सामन्यात ती अर्ध्या मिनिटात बाद झाली आणि नंतर पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली. मी त्यावर लेख लिहिला. वाचकांना तो आवडला, पत्रे आली, आणि आठवड्याभराने तिच्या संघातील मुलींनीही तो वाचला. रडलेले तिने कोणाला कळू दिले नव्हते. ती मला एवढेच म्हणाली, "आई, ते माझं होतं." त्या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

त्यानंतर मी आपल्याकडचे घरगुती लेखन पुन्हा वाचायला घेतले, या वेळी एकच प्रश्न मनात धरून : कोणाचे काय कोण सांगत आहे? 'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिपटीने मारून विहिरीकडे धाडते. त्या प्रसंगातील भीती, लाज आणि नंतरचा आईचा कळवळा हे सारे सांगतो तो स्वतः श्याम, मोठा झाल्यावर. त्याच आईने दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी 'आमचा श्याम कसा लपून बसला होता' हे रंगवून सांगितले असते, तर त्या प्रसंगाची गोडी उरली असती का? लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या पतीचा तापटपणा झाकला नाही. मात्र त्या लिहू लागल्या तेव्हा टिळक हयात नव्हते, लिहिण्याचा आग्रह त्यांच्या मुलाचा होता, आणि स्वतःचे अज्ञान, स्वतःचा हट्ट त्यांनी तितक्याच उघडपणे मांडला. सहजीवन दोघांचे असते, त्यात सांगणारीचाही वाटा असतो. मुलाच्या रडण्यात आईचा तसा वाटा आहे, असे मला आता वाटत नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या लेखाने. सभेत त्यांची ओळख मोठ्या माणसांची सून, पत्नी अशी करून दिली जाते, तरी त्यांना काही अपुरे वाटत राहते. मग रस्त्याने जाताना मुलांच्या बोलण्यातून 'कर्व्याची आई' ही ओळख कानी पडते आणि मन भरून येते. आईपणाविषयी मराठीत इतके नेमके फार थोडे लिहिले गेले आहे. आणि मुलाविषयी आपल्याला कळते काय? एक आडनाव, तेही त्याच्या सवंगड्यांच्या तोंडून. तो अभ्यासात कसा, घरी हट्ट करतो का, काहीच नाही. हा लेख मी विशीत वाचला होता, तेव्हा हा संयम माझ्या लक्षातही आला नव्हता.

आता घरात एक नियम आहे. लेकीचा उल्लेख असलेला मजकूर छापायला जाण्यापूर्वी ती वाचते. वरचे एसटीचे आणि बादलीचे वर्णन तिने राहू दिले. त्या सामन्यानंतर तिची मैत्रीण काय म्हणाली ते वाक्य खोडले, म्हणून ते येथे नाही. टाकीमागचा प्रसंग पुन्हा लिहू का, असे विचारल्यावर ती दोन दिवसांनी हो म्हणाली.

प्रश्न : मुलगी यंदा दहावीला आहे. तिचा खेळ वर्षभर थांबवावा, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय? (एक पालक, धाराशिव)

थांबवू नये, वेळ कमी करावा. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात किंवा सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून मी हे सांगत नाही, कारण त्यासाठी खेळणाऱ्या मुलांचा खेळ प्रमाणपत्र हाती आले की संपलेला मी पाहिला आहे. सायंकाळी दीड तास धावून आलेली मुलगी रात्री शांतपणे अभ्यासाला बसते, एवढे कारण मला पुरते. आपल्याच धाराशिवच्या खो-खो खेळाडू सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगावे. मुलीला मात्र त्याचे ओझे देऊ नये.

प्रश्न : मी कथा लिहितो. माझ्याबरोबर लिहू लागलेल्या मित्राच्या कादंबरीला यंदा पुरस्कार मिळाला. मी अभिनंदन केले, पण मनातून आनंद झाला नाही, आणि आता त्याने नवे हस्तलिखित वाचायला पाठवले आहे. मी ते वाचावे का? (एक तरुण लेखक, नांदेड)

आपण हे लिहून विचारलेत, त्यावरून आपण त्याचे हस्तलिखित प्रामाणिकपणे वाचाल असे मला वाटते. मत्सर वाटणे आपल्या हाती नसते, त्याच्या हस्तलिखितावर काय टिपण करायचे ते असते. मराठीत 'खो' या एकाच शब्दाला दोन क्रियापदे जोडली गेली आहेत : खो देणे म्हणजे आपली धाव दुसऱ्याच्या हवाली करणे, आणि खो घालणे म्हणजे त्याच्या कामात अडथळा आणणे. समकालीन लेखकांच्या संबंधांत दोन्ही घडते. अनेकदा खो घालणाऱ्याला आपण खो देतच आहोत असे वाटत असते, आणि मित्राच्या हस्तलिखितावरील 'स्पष्ट मत' हे त्याचे नेहमीचे रूप.

आम्ही चौघी मैत्रिणी १८ वर्षे एकमेकींचे कच्चे लेखन वाचत आलो आहोत. सुरुवातीला मी मैत्रिणीच्या कथेत माझी कथा शोधत असे. ती मी लिहिली असती तर शेवट कसा केला असता, हे तिला सांगत असे, आणि ती ते शांतपणे ऐकून घेत असे. एकदा मात्र ती म्हणाली की माझ्याशी बोलून झाल्यावर तिला आपल्या कथेकडे परत जाण्याची वाट सापडत नाही. तेव्हापासून मी समासात दोनच गोष्टी पेन्सिलीने लिहिते : कुठे मी थांबून पुन्हा वाचले आणि कुठे माझे लक्ष उडाले. का उडाले, हे तिने विचारले तरच सांगते.

हस्तलिखित वाचा. मात्र पुरस्काराची बातमी ताजी असताना नको, महिनाभराची मुदत मागून घ्या, आणि मुदत का मागितली हे मित्राला सांगण्याइतकी जवळीक असेल तर तेही सांगा.