एक ब्रह्मदेव पुरे

प्रिय मुली,

काल रात्री फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्या वर्गाची सहल: चौथीची अडतीस मुलं, दोन बाई, पंचवीस प्रश्नांचं छापील वर्कशीट आणि अडीच तासांत मुंबईतल्या फोर्टचं अख्खं म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. एक मुलगा जिन्यावर बसून रडला, बाकीच्यांना पेंढा भरलेले प्राणी सोडून काही आठवत नाही, असं तू सांगत होतीस. तिथवर मी शांतपणे ऐकलं. पण नंतर तू म्हणालीस, ''बाई, आपल्या मुलांना कलेची गोडीच नाही.'' त्या वाक्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

गोडीचं नंतर बघू. आधी पायांचं बोलू. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेंजामिन आइव्ह्ज गिलमन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी एका शहाण्यासुरत्या, डोळे धड असलेल्या माणसाला मांडलेल्या वस्तूंवरचे साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना तो कसा वाकतो, उकिडवा बसतो, मान वाकडी करतो याचे फोटो काढले. संग्रहालयात माणूस दमतो तो का, हे त्यांनी 1916 साली त्या फोटोंवरून दाखवलं. फोटोतला तो माणूस तरी वयाने मोठा होता. तू तोच प्रयोग नऊ वर्षांच्या मुलांवर केलास, तोही पंचवीस प्रश्नांचा. तो मुलगा जिन्यावर बसला ते योग्यच केलं त्याने.

एका फेरीत एक वस्तू दाखव. मी तुला हे एवढंच सांगणार आहे आणि पत्र संपेपर्यंत हेच सांगणार आहे.

घारापुरीहून आणलेला ब्रह्मदेव आहे फोर्टच्या म्युझियममध्ये, सहाव्या शतकातला, काळ्या दगडाचा. मी कितीतरी वर्षं पोरांना घेऊन फक्त त्याच्यासमोर बसले. आत शिरल्यावर आधी घुमटाखाली उभं राहून मनसोक्त वर बघू द्यायचं, कारण विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा तो घुमट मुलांना आपोआप थांबवतो. मग मूर्तीपुढे फरशीवर बसायचं. फलक वाचायचा नाही, कुणाला वाचूनही दाखवायचा नाही. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते, कुणीतरी हसतं, कुणाला शू लागते. तुला वाटेल, आता काहीतरी बोललं पाहिजे. तिथेच आपण सगळे घसरतो. बोलू नकोस.

सातव्या-आठव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, ''याला तीनच तोंडं आहेत.'' दुसरा म्हणतो, ''चौथं मागे असणार.'' मग तिसरी विचारते, ''मागचं तोंड दिसणारच नसेल तर करायचं कशाला?'' मला आजही या प्रश्नाचं पक्कं उत्तर देता येत नाही. पोरं त्यावर बसमध्ये परळपर्यंत भांडली. पुढच्या आठवड्यात एकाने वर्गात आईचं चित्र काढलं. एक तोंड गॅसकडे, एक नळाकडे, एक पाळण्याकडे. चौथं कुठाय विचारलं तर म्हणाला, ''मागे आहे बाई.'' या मुलांना गोडी नाही म्हणतेस?

आता माझं ऐक, कारण हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी कोकणातून आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. तोपर्यंत खरं तैलचित्र डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा म्युझियममध्ये गेले त्या दिवशी मला भूक लागली नाही. मग मुलगा झाला, आणि मला मिळालं नाही ते सगळं, अगदी सगळं, त्याला द्यायचं असा माझा हट्ट. तो सात वर्षांचा असताना त्याला वही-पेन्सिल देऊन प्रत्येक दालनातले फलक उतरवायला लावले. मीरपूरखासचा मातीचा बुद्ध, असिरियाच्या राजवाड्यातले दगड, लघुचित्रं, टाटांनी दिलेली युरोपातली चित्रं. अकरा पानं भरली. घरी आल्यावर मी ती वही शेजाऱ्यांना दाखवली. असे आम्ही चार रविवार केले. आज तो चाळिशीचा आहे, ठाण्याला असतो, आणि त्या इमारतीत पुन्हा गेलेला नाही. मागे एकदा विचारलं तर शांतपणे म्हणाला, ''आई, मला फक्त पाय दुखलेले आठवतात.''

मी वाईट आई नव्हते. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, परवा केलंसच की! प्रेमापोटीच केलं सगळं. पण ती अकरा पानं भरण्याऐवजी त्याला एका बुद्धासमोर अर्धा तास बसवलं असतं, तर आज नातीला म्युझियम दाखवायला मला त्याची परवानगी काढावी लागली नसती.

तू म्हणशील, मुख्याध्यापक काय म्हणतील? मलाही विचारलं होतं, ''दोन बस करून नेलीत आणि एक दगड दाखवून आणलात?'' स्टाफरूममध्ये वर्षभर मला टोमणे ऐकावे लागले. पालकसभेत एक गृहस्थ तिकिटाचा हिशेब मांडून बसले. मी दुसऱ्या वर्षी पुन्हा एकच दगड दाखवला. तिसऱ्या वर्षीही. काही जणांना वाटायचं, मी मुलांचं बाकीचं सगळं हिरावून घेते. हिरावून काय घेतलं? ते म्युझियम 1922 पासून लोकांसाठी उघडं आहे, उद्याही तिथेच असेल. ज्याला मागच्या तोंडाचा प्रश्न पडलाय तो पोरगा स्वतःच्या पायांनी परत येतो. माझे आलेत. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ग्रेड मिळाली नाही असेही आलेत.

शाळेने दुसरी सहल दिली तर राणीबागेत जा. तिथल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला तेव्हा त्याचे तुकडे झाले. ते जोडून तो पुन्हा उभा केलाय. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच हत्तीवरून. मुलांना आधी फक्त सांधे शोधायला सांग, गोष्ट नंतर. बागेतच सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा आहे, काळा घोडा म्हणतात तो मूळचा हाच. मोह होईल, पण त्या दिवशी नको. हत्ती म्हणजे फक्त हत्ती.

आणि पैसे नसतील त्या महिन्यात जहांगीरला ने. 1952 सालापासूनची गॅलरी, आत जायला काही पडत नाही. तिथे बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच आपल्या चित्रांपाशी बसलेला असतो. चित्र काढणारा माणूस चहा पितो, कंटाळतो, हे मुलांना बघू दे. एकच चित्र निवडायला लाव आणि त्याच माणसाला प्रश्न विचारू दे. एका मुलीने एका चित्रकाराला विचारलं होतं, ''हे संपलं हे तुम्हाला कसं कळलं?'' तो बिचारा बराच वेळ गप्प होता.

प्राणी आठवतात म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. प्राण्यांसमोर ती आपणहून थांबली असतील, तिथे त्यांना कुणी प्रश्न छापून दिले नव्हते. पुढच्या खेपेला एकच प्राणी निवड हवं तर.

उरलेली वर्कशीटं फेकू नकोस, कागद चांगला आहे म्हणालीस. मागची बाजू कोरी असेल. उद्या ते कागद सगळ्यांना वाटून दे आणि आठवेल ते काढायला सांग. जिन्यावर बसलेल्या त्या मुलाने बहुधा जिनाच काढलेला असेल. तो कागद मला पाठव.

तुझी,
बाई