विकण्याआधी दहा वेळा घडी घालून बघा

भाऊ, सहा महिने पैसे साठवून तुम्ही ट्रान्सफॉर्मर, म्हणजे घडी घालून ट्रकचा रोबो होणारं खेळणं, मागवलं. पार्सल परभणीला आलं आणि पहिल्याच रात्री मन उतरलं. ट्रक केला की छताच्या पट्ट्यांत फट राहते, रोबो केला की एक पाय ढिला. निम्म्या किमतीत विकून टाकू का, असं विचारलंत. माझं ऐका, इतक्यात विकू नका.

माझा पहिला मोठा रोबो 2016 च्या उन्हाळ्यात आला. लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि घरात घागरी मोजून वापरत होतो. अशात हा डबा दारात. आईनं किंमत विचारली नाही, तेच जास्त लागलं. पहिली घडी घालायला दीड तास गेला. खांद्याची पट्टी बसेना म्हणून जोर लावला, तर प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली. उचलून कपाटावर टाकला. त्या रात्री मी खेळणं बघतच नव्हतो, पैसे वसूल होतात का तेवढंच बघत होतो.

पुढं पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली. अंधारात हाताला चाळा म्हणून तोच काढला. दिसत काहीच नव्हतं, त्यामुळं बोटं सावकाश चाचपत गेली. तेव्हा कळलं की खांदा आधी आत सरकतो, बारीक ‘खट्’ वाजतं आणि मगच तो फिरतो. तेवढं झालं की छाती बसली, हात बसले आणि छताची फट आपोआप मिटली. फट दिसत होती छताला, चूक होती चार पायऱ्या मागं. तुमच्याकडंही बहुतेक तसंच असणार. शेवटची पट्टी दाबत बसू नका. उलटं मागं जा आणि कोणती खुंटी खाचेत पूर्ण गेली नाही ते शोधा.

ही खेळणी मुळात घडीसाठीच जन्मली. जपानच्या टाकारा कंपनीची डायाक्लोन मालिका 1980 ची. तिच्यातले रोबो म्हणजे यंत्रं, आत बसायला चिमुकले चालक, त्यांच्या पायांत लोहचुंबक. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं 1984 साली डायाक्लोन आणि टाकाराच्याच मायक्रोमॅन मालिकेतले साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स आणले, तेव्हा त्यांना नावं, स्वभाव, भांडणं मिळाली. म्हणून फोटोतल्या रुबाबावरून पारख करू नका. डोकं कुठं लपतं, चाकं कुठं जातात, ते हातानं बघा. आमच्या आजोबांचा अडकित्ता दुसऱ्याच्या हातात कधी नीट चालला नाही. यांचंही तसंच असतं, दहाएक घड्यांनंतर हाताला वळण पडतं.

आता पाय. ढिला सांधा गोळ्याचा, म्हणजे वाटीत गोळा फिरतो तसा असेल तर तो हलकेच ओढून काढा, गोळ्यावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. ओलं असताना बसवलंत तर चिकटेल. सांधा घट्ट असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरे. घरातलं दुसरं कुठलं तेल नको, काही तेलांनी प्लॅस्टिक तडकतं. काचेसारखे पारदर्शक भाग कधीच वाकवू नका, ते वाकत नाहीत, तुटतात. खिडकीत उन्हात ठेवू नका, पांढरा रंग पिवळा पडतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत तर मुळीच विसरू नका.

माझ्या रोबोच्या खांद्यावरची पांढरी रेघ अजून गेली नाही. तरी आज कपाटातून आधी हात जातो तो त्याच्याकडंच.

आठवडाभर रोज एक घडी घाला. तरीही पाय सरकलाच, तर सांधा गोळ्याचा आहे की टकटक करत फिरणारा, तेवढं कळवा. टकटक्याला नेलपॉलिश चालत नाही, त्याचा स्क्रू बघावा लागतो.