ऑनलाइन स्टोअरच्या साइटमॅप फाइली नेमक्या कुठे ठेवायच्या?

तुमचा प्रश्न मला असा समजला: स्टोअरमध्ये सव्वा लाखाच्या आसपास प्रॉडक्ट पेजेस आहेत, साइटमॅप (साइटच्या पानांचे पत्ते सर्च इंजिनला सांगणारी यादी) तयार करणारं टूल सगळ्या फाइली '/मीडिया/साइटमॅप/' या फोल्डरमध्ये टाकतं, आणि त्या तिथेच राहू द्यायच्या की रूटमध्ये (साइटच्या सगळ्यात वरच्या पातळीवर) आणायच्या हे ठरत नाही.

रूटमध्ये आणा. साइटमॅपच्या प्रोटोकॉलचा नियमच तसा आहे: फाइल ज्या फोल्डरमध्ये असेल, त्या फोल्डरच्या आणि त्याखालच्या पत्त्यांपुरताच तिचा अधिकार चालतो. '/मीडिया/साइटमॅप/' मधल्या फाइलीत '/प्रॉडक्ट/' ने सुरू होणारे पत्ते लिहिले, तर नियमाप्रमाणे ते तिच्या हद्दीबाहेरचे ठरतात. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या टूलमधून साइटमॅप सबमिट केला तर गूगल ही अट धरत नाही, फाइल साइटवर कुठेही चालते. पण सर्च इंजिन काही एकच नाही, आणि रूटमध्ये ठेवायला जास्तीचं काही लागत नाही. मग उगाच सवलतीवर कशाला विसंबायचं?

एका फाइलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते बसतात आणि फाइल ५० एमबीच्या वर जाता कामा नये. जीझिप केली (दाबून लहान केली) तरी मोजायचा तो उघडल्यानंतरचा आकार. म्हणजे तुम्हाला प्रॉडक्टसाठीच किमान तीन फाइली लागणार, वर एक इंडेक्स फाइल, म्हणजे या फाइलींची यादी. इंडेक्समध्ये दुसरी इंडेक्स घालता येत नाही. आणखी एक: गूगलच्या हिशेबात इंडेक्समधल्या फाइली इंडेक्सच्याच फोल्डरमध्ये किंवा त्याच्या खाली असाव्या लागतात. इंडेक्स खोल फोल्डरमध्ये आणि बाकीच्या फाइली वर, अशी उलटी मांडणी टाळा.

फाइली नुसत्या मोजून तोडण्यापेक्षा प्रकारानुसार तोडाव्यात, असं माझं मत. प्रॉडक्टच्या वेगळ्या, कॅटेगरीची वेगळी, माहितीच्या पानांची वेगळी. सर्च कन्सोलमध्ये फाइलवार इंडेक्सिंग (गूगलने कुठली पानं शोधात घेतली ते) पाहता येतं. सगळं एकाच ढिगात असेल तर नेमकी कुठली पानं इंडेक्स होत नाहीत ते शोधताना डोकं धरून बसावं लागतं.

मग रोबोट्स.टीएक्सटी मध्ये (क्रॉलरला, म्हणजे साइट वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रामला, सूचना देणारी फाइल) एक ओळ: 'साइटमॅप:' आणि पुढे इंडेक्सचा पूर्ण पत्ता, एचटीटीपीएस आणि डोमेनसकट. नुसतं '/साइटमॅप.एक्सएमएल' लिहिलं तर ते चुकीचं. ही ओळ कुठल्याही यूझर-एजंटच्या (ठरावीक क्रॉलरच्या) गटात मोडत नाही, फाइलीत कुठेही चालते. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, सर्व्हरवर ती इंग्रजी लहान लिपीतच ठेवा. लिनक्सवर लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरलं जातं.) त्याच रोबोट्स फाइलीत '/मीडिया/' डिसअलाउ केलेलं आहे का तेही बघून घ्या. स्टोअरमध्ये हे फार सापडतं: साइटमॅप जिथे ठेवला तोच फोल्डर क्रॉलरला बंद.

आता खरा घोळ. 'रूट' म्हणजे डिस्कवरचा प्रोजेक्ट फोल्डर नव्हे, वेब सर्व्हर जिथून फाइली देतो तो डॉक्युमेंट रूट. मॅजेंटो २ मध्ये तो सहसा 'पब' असतो, लाराव्हेलमध्ये 'पब्लिक'. फाइल त्याच्या एक पायरी वर पडली की तुम्हाला ती एफटीपीमध्ये दिसते, बाहेरच्याला मात्र ४०४ (पान सापडलं नाही). आणि जावास्क्रिप्टवर चालणारं स्टोअर असेल तर याहून फसवं होतं: सापडली नाही अशा प्रत्येक पत्त्याला सर्व्हर मुख्य पान देतो, तेही २०० (सगळं ठीक) स्टेटससह. ब्राउझरमध्ये दुकान उघडतं, आणि सर्च कन्सोल सांगतं की साइटमॅप हे एचटीएमएल पान आहे. म्हणून पत्ता उघडून 'व्ह्यू सोर्स' करा. पहिली ओळ एक्सएमएलच्या घोषणेचीच हवी, तिच्याआधी एक रिकामी ओळसुद्धा नको. एखाद्या प्लगइनने तेवढी सोडली तरी पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) अडतो.

वर्डप्रेसवर वूकॉमर्स असेल तर वर्डप्रेस ५.५ पासून स्वतःचा साइटमॅप आपोआप तयार करतं, आणि एसईओ प्लगइन सहसा तो बंद करून आपला चालू करतं. हे सगळं मागणी आल्यावर तयार होतं, डिस्कवर फाइल नसतेच. पण जुन्या टूलने टाकलेली त्याच नावाची खरी फाइल रूटमध्ये उरली असेल, तर सर्व्हर तीच देतो. प्लगइनच्या सेटिंग कितीही बदला, बाहेर जुनीच यादी दिसत राहते. ती फाइल काढून टाका. शॉपिफाय वापरत असाल तर यातलं काहीच करायचं नाही. साइटमॅप तिथे रूटवरच आपोआप तयार होतो.

सबडोमेन वेगळं असेल तर त्याचा साइटमॅप त्याच्याच रूटवर. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सह आणि त्याशिवाय हेसुद्धा दोन वेगळे होस्ट धरले जातात. एकाच कोडवर दोन-तीन स्टोअर चालत असतील तर प्रत्येकाला फाइलीचं वेगळं नाव द्या, नाहीतर क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) एकाची फाइल दुसऱ्यावर लिहितो आणि शेवटी चाललेल्या स्टोअरचेच पत्ते उरतात.

फाइलीत फक्त २०० देणारे, कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता असलेले), नोइंडेक्स (शोधात घेऊ नका अशी खूण) नसलेले पत्ते ठेवा. फिल्टर आणि सॉर्टिंगचे पत्ते नकोत. पत्त्यात अँपरसँड (&) असेल तर तो एस्केप करा, म्हणजे '&' असा लिहा. प्रायॉरिटी (पानाचं महत्त्व) आणि चेंजफ्रीक (पान किती वेळा बदलतं) गूगल बघतच नाही, तिथे वेळ घालवू नका. लास्टमॉड (शेवटच्या बदलाची तारीख) मात्र खरा असेल तर वापरतं. रोज रात्री सगळ्या पानांवर आजची तारीख छापली तर त्यावरचा विश्वास जातो.

लोड बॅलन्सरमागे (येणारी वर्दळ वाटून देणारी यंत्रणा) दोन-चार सर्व्हर असतील तर क्रॉन एकाच सर्व्हरवर चालतो आणि साइटमॅप कधी मिळतो, कधी ४०४. तिथे फाइली सामाईक स्टोरेजवर ठेवा आणि रूटचा पत्ता प्रॉक्सीने (पत्ता तोच ठेवून सर्व्हरच फाइल आणून देतो) तिकडे वळवा. डिस्कवर फाइल कुठे आहे याच्याशी क्रॉलरला देणंघेणं नाही, त्याला फक्त पत्ता दिसतो. मात्र इथे ३०१ रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) वापरू नका, प्रॉक्सीच हवी. आणि नवा कोड चढवताना डॉक्युमेंट रूट पुसला जात असेल, तर साइटमॅप बनवण्याची पायरी डिप्लॉय स्क्रिप्टच्या शेवटी जोडा.