पंधरावा दगड

प्रश्न : येत्या नोव्हेंबरात मी आईला घेऊन जपानला जात आहे. क्योटोच्या र्योआन-जी मंदिराची बाग पाहण्याची तिची फार इच्छा आहे. पण तिथे जाऊन आलेले आमचे नातेवाईक म्हणतात, की नुसती खडी आणि दगड आहेत, दहा मिनिटांत पाहून होते. आईला मांडी घालून बसता येत नाही. तिला न्यावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य न्यावे. नातेवाईकांनी केलेले वर्णन खरेच आहे: साधारण पंचवीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगणात पांढरी खडी, पंधरा दगड आणि त्यांच्या पायथ्याशी शेवाळ, याखेरीज तिथे काही नाही. मात्र ही बाग फिरण्यासाठी रचलेलीच नाही. तिच्यात पाऊल टाकायचे नसते; पादत्राणे काढून मंदिराच्या लाकडी ओसरीवर बसायचे आणि समोर पाहत राहायचे. ओसरीच्या कडेला पायरी असल्याने आईंना पाय खाली सोडून बसता येईल.

पंधरा दगड पाच गटांत असे मांडले आहेत, की ओसरीवर कुठेही बसले तरी निदान एक दगड दुसऱ्याआड जातो. पहिल्या खेपेस मी तो शोधत ओसरीभर सरकत राहिलो आणि बाग पाहायची राहूनच गेली. पुढच्या खेपेस एका जागी अर्धा तास बसलो, तेव्हा कुठे दाताळ्याने ओढलेल्या सरळ रेघा आणि दगडांभोवतीची त्यांची वर्तुळे नजरेत भरली. पलीकडची भिंत तेलात उकळलेल्या मातीची आहे. शतकानुशतके ते तेल पाझरून तिच्यावर जे तांबूस-काळे ओघळ उमटले आहेत, ते पाहताना आपल्या जुन्या देवळांतील समईमागची भिंत आठवते.

हे मंदिर होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने 1450 मध्ये स्थापले, ते ओनिन युद्धात, म्हणजे पंधराव्या शतकातील जपानी सरदारांच्या यादवीत, जळाले आणि 1488 मध्ये पुन्हा उभे राहिले. बाग कोणी रचली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दगडांना कोणी समुद्रातील बेटे म्हणतात, तर कोणी पिलांसह नदी ओलांडणारी वाघीण. आईंना यातले काहीही आधी सांगू नये, असे मला मनापासून वाटते. त्यांना जे दिसेल ते त्यांचे असू द्यावे.

मागल्या बाजूचे बुटके दगडी पाणपात्र मात्र आवर्जून दाखवावे. त्यावरची चार अक्षरे, मधली चौकोनी पोकळी हा प्रत्येक अक्षराचाच भाग धरून वाचली, की ‘जे आहे ते पुरेसे, एवढेच मी जाणतो’ अशा अर्थाचे वाक्य होते.

नोव्हेंबरात मंदिर सकाळी आठला उघडते. उघडताच पोहोचावे, कारण पानगळीच्या दिवसांत थोड्याच वेळात सहलींची गर्दी होते. आणि आईंना जाड मोजे द्यावेत, कारण त्या वेळी ओसरीचे लाकूड फार गार असते.