बाबांना लघवीची आणि नाकातून जेवणाची अशा दोन्ही नळ्या लावून घरी सोडलंय. ट्रेंड नर्स ठेवावी की ब्युरोची मावशी चालेल? खर्च किती?

मावशी चालेल. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली नर्स आहे, तरी हेच सांगते. कूस बदलणं, स्पंजिंग, पिशवी रिकामी करणं हे हात बसलेली मावशी माझ्याइतकंच नीट करते. नर्स लागते ती नळी बदलायला आणि काही बिघडलं तर.

लघवीच्या नळीचं फार अवघड नाही. पिशवी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका, आणि व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवायची नाही. लघवी थांबली की घरचे लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, द्या म्हणतात. आधी नळी मांडीखाली दुमडली आहे का ते बघा, मग शौचाला कधी झाली होती ते विचारा. बाजूने गळते म्हणून मोठ्या नंबरची नळी टाका म्हणणारेही भेटतात; पुष्कळदा पोट साफ नसतं, एवढंच.

खरी भीती फीडच्या नळीची. कोथरूडला एका आजोबांकडे माझी दिवसाची ड्यूटी होती. पॅरॅलिसिसनंतर त्यांना धड खोकलाही येत नव्हता. सकाळी गेले तर नळीवर नाकपुडीशी केलेली पेनाची खूण चांगली चार बोटं बाहेर. रात्री कूस बदलताना नळी ओढली गेली असणार. मुलगा म्हणाला, "आत सरकवा आणि फीड द्या, उशीर होतोय." मी नाही म्हटलं. मग त्याने स्वतः सिरिंजने हवा सोडली, पोटाला कान लावला आणि जिंकल्यासारखं सांगितलं, "आवाज आला ना सिस्टर!"

आवाज येतोच. नळीचं टोक अन्ननलिकेत असलं, अगदी श्वासनलिकेत असलं तरी पोटावर गुडगुड ऐकू येऊ शकते. मी ओढून पाहिलं, सिरिंजमध्ये काहीच आलं नाही. टॉर्च घेऊन आजोबांचं तोंड उघडलं तर घशात नळीचं वेटोळं पडलेलं. ते मुलाला दाखवलं. त्यावर तो काय म्हणाला असेल? "रात्री दूध गेलं, तेव्हा काही झालं नाही." डॉक्टरांनी येऊन नळी काढली, नवीन टाकली, एक्स-रे करून घेतला. तोवर आजोबा उपाशी राहिले म्हणून संध्याकाळी ब्युरोला फोन गेला, की सिस्टर काम टाळतात, वाद घालतात. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई. आजी मात्र जिन्यापर्यंत सोडायला आल्या होत्या.

तर कोथरूडचे दादा, तुम्ही हे वाचत असाल तर अजूनही सांगते: पाच तास उपाशी राहून माणूस जात नाही, फुप्फुसात दूध गेलं की जातो.

तुमच्या घरी प्रत्येक फीडच्या आधी खूण बघायची. सिरिंजने ओढून आलेल्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साडेपाच किंवा त्याखाली असला तर नळी पोटात आहे असं धरतात. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा वर जातो, तेव्हा डॉक्टरांना विचारा. डोकं ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही तासभर तसंच. शेवटी ३० मिली पाणी सोडा, नाहीतर नाचणीची पेज नळीत थिजते. गोळी कुटण्याआधी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

हे नाकाच्या नळीचं झालं. पोटाला छिद्र पाडून थेट जठरात घातलेली फीडची नळी, म्हणजे पेग, निसटली तर घरी बसू नका, छिद्र काही तासांतच आकसायला लागतं. आणि बाबा लघवीची नळी खेचत असतील तर ती मांडीला पट्टीने चिकटवून घ्या. नळीला आत धरून ठेवणारा फुगा तसाच फुगलेला राहून नळी बाहेर आली तर रक्त येतं.

खर्चाचं म्हणाल तर दर ब्युरोगणिक वेगळे, दोन-तीन ठिकाणी फोन करा. मात्र रात्रीच्या मावशीला फीड द्यायला लावणार असाल, तर तिला शिकवायला सुरुवातीचे एक-दोन दिवस नर्स ठेवा. ते पैसे वेगळे धरा, आणि त्या नर्सला भांडी घासायला सांगू नका.